पॉइंट बघायला नको, पाहुणे म्हणून या

पहिला पाऊस पडला की ऑफिसात माझा भाव एकदम वधारतो. "तू तिकडचाच ना रे? मग या वीकेंडला कुठं जाऊ ते सांग." तिकडचा म्हणजे मलकापूरचा. बुलढाण्याचं मलकापूर नव्हे आणि शाहूवाडीचंही नव्हे. पुणे-बंगळूर हायवेवर कराडला खेटून जे मलकापूर आहे, ते. मी शाळेत होतो तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. गावाची ख्याती काय, तर नळाला चोवीस तास पाणी. मीटर लावून, मोजून. पुण्यात टँकरची वाट बघणाऱ्या माझ्या फ्लॅटमेटला हे अजूनही खरं वाटत नाही.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आवडतं. पण प्रश्नाच्या पाठोपाठ जे येतं ना, त्याने मी अडखळतो. "एखादा मस्त पॉइंट सांग. गर्दी नको. गाडी वरपर्यंत जायला पाहिजे. आणि जवळ रिसॉर्ट असेल तर बेस्ट." या वाक्यात पॉइंट आहे, गाडी आहे, रिसॉर्ट आहे. फक्त गाव नाही. माणसं नाहीत. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या भागात बघण्यासारखं जे काही आहे, ते माणसं वगळून बघताच येत नाही. बघितलं तर अर्धंच दिसतं, आणि वर त्याचं नुकसानही होतं.

कुठल्याही पर्यटनाच्या माहितीपत्रकात तीन शब्द ठरलेले असतात: निसर्ग, वारसा आणि परंपरा. हे तिन्ही आमच्याकडे भरपूर आहे, म्हणून एकेक घेऊनच बोलू.

आधी निसर्ग. कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं की पाटण येतं, मग कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. पावसाळ्यात हा रस्ता म्हणजे काय वर्णावा! धरणाच्या पाठीमागे पसरलेला शिवसागर जलाशय बघून कोणीही गप्प होतो. 103 मीटर उंचीचं धरण, 105 टीएमसी साठा. वीजनिर्मितीची सगळी टप्पे धरून क्षमता 1960 मेगावॅट. इंजिनिअर माणसाला तर हे तीर्थक्षेत्रच आहे. कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवायचं, त्याच्यावर वीज करायची आणि ते वाशिष्ठीत सोडून द्यायचं. 1999 मध्ये भरलेल्या जलाशयाला तळातून भोक पाडून लेक टॅपिंग केलं, ही गोष्ट मी कॉलेजात सेमिनारला दोनदा वापरली आहे.

पण हा 'निसर्ग' 1960 च्या दशकात तयार झालेला आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही. त्या निळ्या पाण्याखाली गावं आहेत. शेतं, देवळं, पाणवठे आहेत. तिथली माणसं उठून दुसरीकडे गेली. त्यांच्या नातवंडांना आजही 'धरणग्रस्त' म्हणून अर्ज करावे लागतात. धरण झालं आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासची गावं कोसळली, दीडशेच्या वर माणसं गेली. मोठ्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात, या विषयावर जगात कुठेही अभ्यास झाला की कोयनेचं नाव निघतंच. आमच्या कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची यासाठीच एक प्रयोगशाळा आहे, आणि कोयना परिसरात गोठणे गावाजवळ जमिनीत 3 किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास झालाय. पॉइंटवर सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? मला तर हे धबधब्यापेक्षा भारी वाटतं.

दक्षिणेला चांदोली. वारणेच्या धरणाच्या पाठीमागचं जंगल 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण इथे आणली. वाघ वाढावेत असं मलाही वाटतं, मनापासून वाटतं. पण झोळंबीच्या सड्यावर उभं राहून "वा, एक घर दिसत नाही!" असं म्हणताना एवढं तरी आठवावं की एक घर दिसत नाही, कारण घरं उठवली गेली. चांदोलीतून उठलेली गावं आता सांगली-कोल्हापूरच्या सपाटीला वसाहतींत राहतात. एकाच पिढीने धरणासाठी जमीन दिली आणि जंगलासाठी गाव दिलं, अशीही उदाहरणं आमच्याकडे आहेत.

आता वारसा. मलकापूरच्या डोक्यावरच आगाशिवचा डोंगर आहे. आमच्याकडे एका अख्ख्या वस्तीचं नाव आगाशिवनगर आहे, ते त्यावरूनच. डोंगरात जखिणवाडीच्या बाजूला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. एक-दोन नव्हे, साठाच्या वर. वेरूळसारखं कोरीवकाम इथे नाही. साध्या खोल्या, दगडी ओटे, एखादा स्तूप. पावसाळ्यात भिक्षू इथे राहायचे. माथ्यावर शंकराचं देऊळ, श्रावणी सोमवारी गर्दी. म्हणजे एकाच डोंगरावर दोन हजार वर्षं कोणी ना कोणी चढतंच आहे. पुण्या-मुंबईहून येणारी शंभरातली नव्वद माणसं या डोंगराला उजव्या हाताला ठेवून ताशी शंभरच्या वेगाने कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा खायला जातात. त्यात गैर काही नाही. रस्सा चांगलाच असतो. :)

पण मग गंमत अशी होते की जे 'फेमस' नाही त्याच्याकडे कोणीच बघत नाही, गावही नाही आणि सरकारही नाही. आणि जे फेमस होतं त्याचं दोन वर्षांत मातेरं होतं. लेण्यांच्या भिंतीवर बदामात कोरलेली नावं बाहेरच्यांचीच असतात असं नाही, आमचीच पोरंही त्यात आहेत. कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की हे काय आहे. शाळेच्या सहली अजिंठ्याला जातात, घराच्या मागे असलेल्या डोंगरावर जात नाहीत.

समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती घ्या. चाफळला दोन, मग माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, बहे-बोरगाव, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत पसरलेले. एका दिवसात अकराही 'उरकणाऱ्या' गाड्या मी बघितल्या आहेत. दर्शन दोन मिनिटं, पुन्हा गाडी. अहो, हे मारुती त्या त्या गावात का आहेत? कृष्णेच्या बेटावर बह्याला का, घळीजवळ शिंगणवाडीला का? हे कळायला गावात तासभर बसावं लागतं. देवळाच्या पारावर कोणीतरी म्हातारा असतोच, आणि त्याला वेळच वेळ असतो.

तिसरी परंपरा. इथे प्रकरण जास्त अवघड आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्ही ऐकली असेल. गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेली ही जिवंत नागाच्या पूजेची प्रथा. गावातली मंडळं आठवडाभर आधी नाग पकडायची, मडक्यात ठेवायची, पूजा, मिरवणूक आणि मग जिथून आणला तिथेच सोडून द्यायची. बाहेरून लोक यायला लागले, टीव्ही चॅनेल आले, फणा काढलेल्या नागांचे फोटो जगभर गेले. जत्रेचा तमाशा होत गेला. नाग हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाग पकडण्यावर बंदी आणली. तेव्हापासून मातीच्या किंवा धातूच्या नागाची पूजा होते. 2025 ला केंद्राने फक्त अभ्यास आणि प्रबोधनासाठी म्हणून मर्यादित परवानगी दिली, ती पूजेला किंवा मिरवणुकीला नाही.

माझं मत? कोर्टाचा निकाल मला पटतो. नागाला मिरवणुकीतून काय मिळतं, हा प्रश्न सरळ आहे. पण शिराळकरांचं दुःखही मला कळतं. ज्या गावात साप दिसला तर मारायचा नाही हे लहान पोरालाही शिकवलं जातं, त्या गावाला एकदम गुन्हेगार ठरवल्यासारखं झालं. प्रथा आणि प्रदर्शन यांतला फरक बाहेरच्या गर्दीने पुसून टाकला, असं माझं निरीक्षण आहे. बघणारे जितके वाढले तितके नाग वाढले, मंडळं वाढली, स्पर्धा वाढली. म्हणजे प्रेक्षक हा नुसता प्रेक्षक नसतो. तो समोरची गोष्ट बदलतो. परंपरा बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा मनाशी घोळवावं. पालीच्या खंडोबाच्या पौषातल्या यात्रेला जा, भंडाऱ्यात न्हाऊन निघा. पण खंडोबा-म्हाळसेचं लग्न हे तिथल्या लोकांच्या घरचं लग्न आहे. लग्नघरात आपण ड्रोन उडवत शिरतो का?

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं विचार करून वीकेंडला कोण जाईल? आठवडाभर क्लायंट डोकं खातो, दोन दिवस हिरवं बघू दे की बाबा. मान्य. मीही तोच माणूस आहे. पण हे आत्ताच लिहायचं कारण आहे.

राज्य सरकारने 'नवीन महाबळेश्वर' नावाचा गिरिस्थान प्रकल्प आखलाय. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली 235 गावं, 1153 चौरस किलोमीटर क्षेत्र. 2019 मध्ये रस्ते विकास महामंडळाला त्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. पुढे आणखी गावं जोडायचं ठरलं, आणि 2024 मध्ये पहिल्या 235 गावांचा प्रारूप आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला. रस्ते, पर्यटनाची केंद्रं, वगैरे वगैरे. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच की! वीकेंडला येणारे आपणच त्या आराखड्याचे ग्राहक आहोत. मग ग्राहकाला नक्की काय पाहिजे, हे ग्राहकाने बोललं पाहिजे की नको?

याच डोंगरांत जुलै 2021 ला काय झालं ते आठवा. पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर एकाच पावसात दरडी कोसळल्या. घरंच्या घरं मातीखाली गेली. त्या उतारांवर रस्ते रुंद करायचे, हॉटेलांसाठी सपाटीकरण करायचं म्हणजे काय, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला वीकेंडचा ट्रॅफिक जॅम बघितलेल्या माणसाला 'नवीन महाबळेश्वर' हे आश्वासन वाटेल की धमकी, हे तुम्हीच ठरवा.

याच्यावर एक चांगला प्रतिवाद आहे, आणि तो मला माझ्याच गावातल्या मित्रांनी ऐकवलाय. "तू पुण्यात एसीत बसून पगार घेणार, आणि आमच्या डोंगरातल्या पोरांनी निसर्ग सांभाळत नाचणी खायची काय?" याला उडवून लावता येत नाही. पाटणच्या खोऱ्यातली कितीतरी गावं मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगली आहेत. घाटकोपरला, नवी मुंबईला माथाडी कामगार म्हणून गेलेल्यांची गावं आहेत ही. गणपतीला आणि जत्रेला भरतात, एरवी म्हातारी माणसं आणि कुलपं. रोजगार पाहिजेच.

गाव रिकामं झालं तर निसर्गही पूर्वीसारखा राहत नाही, हेही खरं. युरोपात स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया म्हणून प्रांत आहे. आपल्या कोकणासारखाच पावसाळी, हिरवा, डोंगराळ, आणि आपल्यासारखीच पोटासाठी बाहेर पडलेली माणसं. तिथे दगडी खांबांवर उभारलेली धान्याची कोठारं अजून दिसतात, पण शेकडो वाड्या पूर्ण ओस पडल्यात. गुरं गेली, शेतं पडीक पडली, झुडपं माजली आणि उन्हाळ्यात वणवे पेटायला लागले. आता तिथले लोक जुनी दगडी घरं दुरुस्त करून पाहुणे ठेवतात. आपल्या कासचं उदाहरण तर घराजवळचं आहे. फुलं वाचवायला पठाराला कुंपण घातलं, गुरं बंद केली. मग फुलं कमी झाल्याची ओरड झाली, गुरांच्या चरण्याने गवत आटोक्यात राहतं असं लोक सांगू लागले, आणि काही वर्षांनी ते कुंपण काढलं गेलं. गुराखी हा त्या फुलांच्या व्यवस्थेचाच भाग होता! आपल्या भाषेत सांगायचं तर, जुन्या सिस्टिममधला बिनकामाचा वाटणारा कोड उडवला आणि मग कळलं की सगळं त्याच्यावरच चाललं होतं.

म्हणून प्रश्न पर्यटन हवं की नको हा नाहीच. पैसा कुठे थांबतो हा आहे. समजा चार मित्र दोन दिवसांत दहा हजार खर्च करतात. पेट्रोल, टोल, हायवेवरच्या फूड मॉलमधला नाश्ता, आणि बाकीचं बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टला. गावाला काय उरलं? पार्किंगचे पन्नास रुपये आणि बाटल्यांच्या काचा. त्या काचा गुरांच्या पायात जातात, रविवारी रात्री नव्हे तर सोमवारी सकाळी, जेव्हा आपण स्टँडअप मीटिंगमध्ये असतो. तेच चौघं एखाद्या घरी उतरले, तिथेच जेवले, गावातलाच पोरगा वाटाड्या म्हणून घेतला, जाताना तांदूळ, नाचणी, मध घेतला, तर त्याच दहा हजारातले निम्म्याहून जास्त त्या खोऱ्यात राहतात. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यात सोय आहे. कासला प्रवेश शुल्क, दिवसाची मर्यादा आणि आसपासच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था, ही पद्धत सुरू झाली. त्यात त्रुटी असतील, पण दिशा बरोबर आहे. डोंगर ज्यांचा, दरवाजा त्यांच्या हातात.

तेव्हा माझं म्हणणं असं. 235 गावांचं एक गिरिस्थान करण्यापेक्षा 235 गावांत दहा-दहा घरं पाहुण्यांसाठी उघडू द्या. रस्ता तिथे आधी न्या जिथे पेशंटला डोलीतून खाली आणावं लागतं. पाहुण्याचा रस्ता त्याच्यातच आला. आणि वीकेंडवाल्यांनो, 'पॉइंट'ची यादी मागण्याआधी जरा वेगळा प्लॅन करून बघा.

शुक्रवारी संध्याकाळी कराडला या. प्रीतिसंगमावर बसा. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात, असा संगम सहसा बघायला मिळत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत आगाशिव चढा, गावातलं कोणीतरी बरोबर घ्या. मग पाटणला जा. दातेगडावर कातळात कोरलेला गणपती आणि मारुती बघा, तलवारीच्या आकाराची विहीर बघा आणि ती ज्याने कोणी खोदली त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. रात्री रिसॉर्ट नको, एखाद्या वाडीवर राहा. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायचाच असेल तर बुधवारी जा, एक सुट्टी टाका. जुलैच्या रविवारी तिथे धबधबा कमी आणि गाड्या जास्त असतात. रविवारी कोयनानगर. आणि येताना सांगलीच्या बाजूने उतरलात तर शिराळ्याला थांबून मारुतीचं दर्शन घ्या आणि एखाद्या जाणत्या माणसाला नागपंचमीबद्दल विचारा. बंदीच्या आधी काय होतं, आता काय आहे. वाद घालू नका, नुसतं ऐका.

आणि सगळीकडे तुम्हाला पहिला प्रश्न येईल: "कुठनं आलासा?" ही चौकशी खोचक नाही. आमच्याकडे पाहुण्याशी बोलणं इथूनच सुरू होतं. त्याला नीट उत्तर द्या, आणि उलट एक प्रश्न विचारा: "तुमचं मूळ गाव हेच का?" कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यात या एका प्रश्नाला जी उत्तरं मिळतात, ती ऐकल्यावर तुम्हाला ते निळं पाणी आणि तो मोकळा सडा वेगळाच दिसायला लागेल.

मुक्कामाला घर हवं असेल तर मला विचारा. यादी आहे माझ्याकडे. फक्त पॉइंटची नाही, माणसांची.